तण उगवण्याआधीच अडवायचं: निलगिरीचा पाला आणि कडब्याचं पाणी

नेरूळला आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत दोन निलगिरी आहेत. पावसाळ्यात सगळं आवार केना, दुधी, काटेमाठ अशा तणांनी भरतं, पण या दोन झाडांखालची जमीन बरीचशी मोकळी राहते. सावली आणि पाल्याचा थर ही कारणं आहेतच. पण शाळेच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं काम केलेल्या बाईला तेवढ्यावर कसं राहवेल? पाला भिजवून ते पाणी बियांना घालून पाहिलं. आवारात लहान मुलं अनवाणी खेळतात, तिथे तणनाशक फवारायला माझा जीव होत नाही, म्हणून हा खटाटोप.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. हे पाणी उभं तण मारत नाही. ते रुजू पाहणाऱ्या बीला अडवतं, किंवा रुजलं तरी त्याचं मूळ खुरटवतं. लव्हाळ्याच्या गाठी आणि हरळीच्या कांड्या खुरप्यानं खणूनच काढाव्या लागतात.

निलगिरीचा गळलेला, वाळलेला पाला घ्या. कडबा मिळाला तर उत्तमच. ज्वारीच्या धाटापानांत बी दाबणारी फिनॉलिक आम्लं असतात आणि तिची मुळं सॉर्गोलिओन नावाचं द्रव्य जमिनीत सोडतात. माझी नणंद बार्शीहून येताना एक पेंढी आणते. गाजरगवत मात्र या कामाला घेऊ नका. त्यातल्या पार्थेनिन नावाच्या द्रव्यानं बी दबतं हे खरं, पण माणसाच्या अंगावर पुरळ उठतं, दमा चाळवतो.

पाला बारीक कापून १०० ग्रॅमला १ लिटर पाणी घ्यायचं. प्लास्टिकच्या बादलीत झाकून २४ तास ठेवायचं, मग जुन्या मलमलीतून गाळायचं. उकळू नका, निलगिरीतलं सिनिओल हे बी दाबणारं द्रव्य वाफेबरोबर उडून जातं. २४ तासांहून जास्त वेळ ठेवलं तर आपल्या दमट हवेत पाणी आंबतं. गाळलं की त्याच दिवशी वापरा.

पण कुंडीत ओतायच्या आधी ताटलीतली परीक्षा. ही मी कधीच टाळत नाही. दोन ताटल्यांत टिश्यू पेपरची दुहेरी घडी घाला आणि प्रत्येकीत कच्च्या राजगिऱ्याचे २५ दाणे पसरा. राजगिरा काटेमाठाचाच भाऊबंद आहे. एकीत साधं पाणी, दुसरीत अर्क म्हणजे आपलं गाळलेलं पाणी, दोन्हीकडे सारखेच चमचे. झाकून सावलीत ठेवा, सहाव्या दिवशी मोजा. समजा साध्या पाण्यात २० रुजले आणि अर्कात ६, तर वीसांतले चौदा अडले, म्हणजे ७० टक्के. साध्या पाण्यातच दाणे रुजले नसतील तर दाणेच जुने आहेत, परीक्षा बाद. मोजताना मुळंही बघा. रुजलेल्या दाण्याचं मूळ आखूड आणि टोकाला तपकिरी असेल, तर अर्कानं काम केलंय.

सोसायट्यांमधून लावलेल्या बॉटलब्रशचंही असंच आहे. १९७७ साली कॅलिफोर्नियात या झाडाखाली तण कमी उगवतं हे एका शास्त्रज्ञाच्या नजरेला आलं, आणि त्यातल्या द्रव्याच्या धाग्यावरून पुढे मेसोट्रायोन हे मक्यातलं तणनाशक तयार झालं. नुसतं झाडाखाली बघण्यातून केवढं काम उभं राहिलं!

वेळ महत्त्वाची. जुलैच्या पावसात अर्क ओतणं म्हणजे गटारात ओतणं. तेव्हा मी पालाच दोन इंच जाड पसरते, पाऊस पडेल तसा त्याचा अर्क आपोआप झिरपत राहतो. अर्काचे दिवस म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर. आधी उभं तण उपटायचं, माती हलकी ओली करायची आणि पेव्हर ब्लॉकच्या फटींत, पायवाटेच्या कडेला झारीनं शिंपडायचं. आठवड्यानं पुन्हा एकदा. मातीतले जिवाणू ही द्रव्यं हळूहळू खाऊन टाकतात, त्यामुळे एकदा घालून भागत नाही.

आपल्या भाजीचं बी आणि तणाचं बी यांत हा अर्क भेद करत नाही. पहिल्या वर्षी मी मेथी पेरलेल्या वाफ्यावर तो शिंपडला आणि अर्धी मेथी वर आलीच नाही. आता मोगरा, कढीपत्ता अशा मुरलेल्या झाडांच्या कुंड्यांतच घालते, तोही खोडापासून वीतभर लांब. ज्या वाफ्यात अर्क पडलाय तिथे तीन आठवडे काही पेरत नाही. मग एका कोपऱ्यात चिमूटभर मेथी टाकते. ती चार-पाच दिवसांत नेहमीसारखी वर आली, की बाकीचा वाफा पेरायला घेते.