मिनी ट्रॅक्टरचा हायड्रोलिक फिल्टर बदलल्यावर तेल गळतंय? या चुका टाळा

ऑक्टोबरची फळछाटणी झाली की सोलापूरकडच्या द्राक्षबागांत मिनी ट्रॅक्टरला उसंत नसते, फवारणीचा ब्लोअर सतत जोडलेलाच. म्हणून फिल्टर त्याआधी बदलून घेतात. दुसऱ्या दिवशी खाली तेलाचा डाग दिसला की पाना लावून फिल्टर आणखी आवळतात, आणि तिथेच काम बिघडतं. जास्त आवळला की फिल्टरच्या तोंडाची रबर रिंग चेपते, फाटते, आणि पुढच्या वेळी फिल्टर निघता निघत नाही.

गळतीचं मूळ बहुधा जुन्या रबर रिंगेत असतं. तेलाने आणि उष्णतेने कडक झालेली ही रिंग वरच्या बैठकीलाच, म्हणजे फिल्टर जिथे टेकतो त्या सपाट जागेला, चिकटून राहते. काळ्यावर काळं, दिसणार कसं? नवा फिल्टर तिच्यावरच चढतो. दोन रिंगा एकावर एक बसल्या की दाब येताच एक बाजूला सरकते आणि तेल धारेने सुटतं. त्यामुळे जुना फिल्टर हातात आला की पहिल्यांदा त्याच्या खाचेत रिंग आहे का ते बघा. नसेल तर ती वर आहे. मोबाइलचा टॉर्च मारा, बैठकीवरून नख फिरवा.

बैठक पुसायला काय घेता, तेही बघा. आपल्याकडे टॉवेल कारखान्यातल्या चिंध्या स्वस्त मिळतात आणि गॅरेजमध्ये त्याच असतात. पण टॉवेलचे धागे सुटतात. एक धागा रिंगेखाली अडकला तरी तिथून तेल पाझरतं. जुनं, धुतलेलं सुती धोतर यापेक्षा कितीतरी बरं.

नव्या रिंगेला स्वच्छ हायड्रोलिक तेलाचं बोट फिरवा, ग्रीस नको. रिंग बैठकीला टेकली की तिथून साधारण पाऊण फेरा हातानेच. फिल्टरवर वेगळं छापलं असेल तर ते खरं.

दुकानदार ‘हाच बसतो’ म्हणाला तरी जुना-नवा शेजारी धरून रिंगेचा व्यास आणि आटे जुळवा. पाऊण इंची आट्यांच्या दांड्यावर २० मिलिमीटरचा फिल्टर ढिला का होईना, चढतो, आणि दाबाखाली दगा देतो. आट्यांना टेफलॉन टेप गुंडाळणं तर नकोच. तिचे तुकडे थेट तेलात जातात. ड्रेन प्लगचा (तेल काढायच्या बुचाचा) वायसर मात्र नवाच घाला.

गळती शोधताना सगळं पुसून कोरडं करा, टाल्कम पावडर भुरभुरा, इंजिन चालू करून लिफ्ट (अवजार उचलणारे मागचे हात) वर-खाली करा. ओली रेघ जिथून सुरू होते, तिथे दोष. होजवरून (तेलाच्या नळीवरून) हात फिरवू नका, पुठ्ठा धरा. दाबाने निघालेली बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक मोठं हॉस्पिटल गाठा.

आणखी एक गोष्ट नेहमी चुकते. पुष्कळ मिनी ट्रॅक्टरांत फिल्टर पंपाच्या ओढीच्या बाजूला, म्हणजे पंप तेल खेचून घेतो तिकडे, असतो. तिथे बसणं चुकलं तर तेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. खाली थेंब नाही, पण पंप कण्हतो, लिफ्ट झटके देते आणि तेलाला फेस येतो. तेव्हा रिंग आणि होजची क्लिप तपासा. तेलाची पातळीही बघा, कारण नवा फिल्टर बरंच तेल पितो. इंजिन थोडा वेळ चालवून बंद करा, अवजार जमिनीवर टेकवा, आणि सपाटीला उभ्या ट्रॅक्टरची डिपस्टिक पुन्हा काढून बघा.