ट्रिपची वही: घरच्यांसोबतचं फिरणं लक्षात कसं ठेवायचं आणि रोजचं सुख कसं ओळखायचं

माझे बाबा प्रवासात दर स्टॉपला गाडी सुटायच्या आधी आम्हाला मोजायचे. बोटाने दाखवत एक, दोन, तीन, चार, आणि मग मागून आई म्हणायची "पाच", कारण स्वतःला मोजायचं ते दरवेळी विसरायचे. आज बाबा नाहीत. घरात तेव्हाचे तीन अल्बम आहेत, कुठल्यातरी पाटीसमोर नाहीतर पुतळ्यासमोर आम्ही रांगेत उभे, त्यातल्या अर्ध्या जागा कुठल्या ते आता आम्हा भावंडांपैकी कोणालाच सांगता येत नाही, पण ते मोजणं मात्र तिघांनाही आवाजासकट आठवतं. आणि त्याचा एकही फोटो नाही.

हे एकदा लक्षात आलं आणि तेव्हापासून मी घरच्यांबरोबर फिरायची पद्धतच बदलली. बरीच वर्षं करून बघितलंय, त्यातलं जे खरंच उपयोगी पडलं ते इथे लिहिते.

सगळ्यात आधी एक वही घ्या. साधी, छोट्या बॅगेत मावणारी, फोनमधली नोट्स नको कारण फोन एकाचा असतो आणि वही सगळ्यांची असते. सोबत दोन पेनं, एक हरवतंच.

निघायच्या आधीचे दिवस वाया घालवू नका. २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या लोकांवर एक अभ्यास झाला होता, त्यात असं दिसलं की सुट्टीला जाणारे लोक जायच्या आधी न जाणाऱ्यांपेक्षा जास्त खुश असतात, आणि परत आल्यावर मात्र दोघांत फारसा फरक उरत नाही, ज्यांची सुट्टी अगदी निवांत गेली त्यांच्यातच काय तो थोडे दिवस दिसला. मला यातून दोन गोष्टी घ्याव्याशा वाटल्या. एक, ट्रिप ठरली की लगेच घरात सांगा, मुलांना सरप्राइज देण्याच्या नादात त्यांची वाट बघण्याची मजा काढून घेऊ नका. कॅलेंडरवर खुणा करू देत, बॅगेत काय घ्यायचं त्यावर भांडू देत, तेही ट्रिपमध्येच धरायचं. आणि दुसरं, निवांतपणाला प्लॅनमध्येच वेगळी जागा द्या, म्हणजे रोजचा अर्धा दिवस मुद्दाम रिकामा. सगळं बघून व्हायलाच पाहिजे हा हट्ट सोडणं मला सगळ्यात जड गेलं, पण सोडलं आणि घरातली चिडचिड निम्म्याने कमी झाली.

प्लॅन करताना प्रत्येकाला एक गोष्ट निवडू द्या, अगदी सगळ्यात लहानालाही. ती गोष्ट कितीही साधी असो, सगळ्यांनी जायचं आणि तोंड वाकडं करायचं नाही. आमच्या धाकट्याने एकदा फक्त "पुलावर उभं राहून खालून जाणाऱ्या रेल्वेगाड्या बघायच्या" एवढंच मागितलं, आम्ही तासभर उभे होतो, आणि आज घरात त्या ट्रिपचं नाव "पुलाची ट्रिप" असंच पडलंय. आजीआजोबा सोबत असतील तर त्यांना फक्त "चालेल ना?" असं विचारू नका, ते कायम हो म्हणतात. किती चढायचं आहे, मध्ये बसायला जागा आहे का, टॉयलेट कुठे आहे हे आपण आधी बघून ठेवायचं आणि मग त्यांना सांगायचं.

आता वहीचं मुख्य काम. रोज रात्री झोपायच्या आधी दहा मिनिटं, प्रत्येकाने आजची एक गोष्ट सांगायची आणि कोणीतरी एकाने लिहायची. नियम एकच, "मजा आली", "छान होतं" असं चालणार नाही, फोटोत न येणारं काहीतरी सांगायचं. कोण काय म्हणालं, कसला वास होता, हात कोणी धरला होता, कुठे भीती वाटली. सुरुवातीला कोणाला सुचत नाही, मग विचारायचं की आज सगळ्यात जास्त हसू कधी आलं, किंवा आज कोणामुळे तुझं काम सोपं झालं. दुसरा प्रश्न माझा आवडता आहे कारण त्याचं उत्तर बहुतेक वेळा घरातलंच माणूस निघतं. माझी मुलगी एकदा म्हणाली, "आई गाडीत चढताना आपल्याला मोजते." मला स्वतःला माहीतच नव्हतं की मी मोजते. त्या रात्री मी पुढचं काही लिहू शकले नाही, वही नवऱ्याने घेतली.

त्याच रात्री लिहा, उद्यावर टाकू नका. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं आपण सुरुवातीच्या काही तासांत सगळ्यात वेगाने विसरतो, नंतर विसरण्याचा वेग कमी होतो. त्याने निरर्थक अक्षरं पाठ केली होती, आपली ट्रिप तशी नाही हे खरं, पण बारीक तपशील असेच पटकन निसटतात हे मी बघितलंय, दोन दिवसांनी लिहायला बसलं की हाती फक्त जागांची नावं उरतात. मुलं बोलतील तसंच लिहा, त्यांचं व्याकरण सुधारू नका. आणि बाळ अगदी लहान असेल तर "त्याला काय कळतंय" म्हणून त्याचं पान सोडू नका. तीन साडेतीन वर्षांच्या आधीचं बहुतेक कोणालाच मोठेपणी आठवत नाही, म्हणूनच त्याच्या वाट्याचं तुम्ही लिहून ठेवायचं.

फोटोंबद्दल थोडं. २०१४ मध्ये लिंडा हेंकेल या संशोधिकेने म्युझियममध्ये एक प्रयोग केला, ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो काढले त्या त्यांना नुसत्या बघितलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या, मात्र ज्यांनी झूम करून एखादा भाग टिपला त्यांचं लक्षात राहणं कमी झालं नाही. म्हणजे कॅमेरा वाईट असं नाही, नीट न बघताच क्लिक करणं वाईट. म्हणून आधी बघा, मग काढा, आणि देखाव्यांपेक्षा आपल्या माणसांचे काढा. पोझ नको. बुटाची लेस बांधताना, नकाशावरून वाद घालताना, खिडकीला डोकं टेकवून झोपलेले. घरात कायम फोटो काढणारं जे एक माणूस असतं ना, ते कुठल्याच फोटोत नसतं, त्यामुळे रोज थोडा वेळ कॅमेरा दुसऱ्याच्या हातात द्या. आणि आवाज रेकॉर्ड करा! एक मिनिट पुरे, गाडीतल्या गप्पा, आजीची हाक. बाबांचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही, याची रुखरुख अजून जात नाही.

तिकिटं, पावत्या वहीत चिकटवणार असाल तर त्यांचा फोटोही काढून ठेवा, कारण मशीनमधून येणारा गुळगुळीत कागद थर्मल असतो, उष्णतेने छापला जातो आणि उजेडात, उन्हात काही काळाने पांढराफटक पडतो. परत आल्यावर पहिल्या आठवड्यातच पंचवीस फोटो निवडून प्रिंट करा, हजारातले पंचवीस. बाकीचे दोन ठिकाणी सेव्ह असू देत, एकाच फोनच्या भरवशावर राहू नका.

भांडणं होतातच. दमलेली, भुकेलेली माणसं एका खोलीत असली की होणारच, त्यात ट्रिप बिघडली असं समजू नका. दिवसभरात प्रत्येकाला अर्धा तास एकटं राहायला मिळालं तर बरीच टळतात. झालंच तर वहीत तेही लिहा, कोण रुसलं आणि कोणी समजूत काढली. चार वर्षांनी तेच पान सगळ्यात जास्त वाचलं जातं.

शेवटच्या दिवसाची खास काळजी घ्या. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९३ चा प्रयोग आहे, लोकांनी एकदा हात १४ अंशाच्या गार पाण्यात ६० सेकंद ठेवला, आणि एकदा तसाच ६० सेकंद ठेवून वर आणखी ३० सेकंद, ज्यात पाण्याचा गारवा जरासा, १५ अंशापर्यंत, कमी होत गेला. पुन्हा करायचं तर कुठलं, असं विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळाचं, पण शेवट बरा असलेलं निवडलं. आठवणीत एकूण वेळ फारसा मोजला जात नाही, सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट यांना वजन असतं. आणि आपण काय करतो, शेवटच्या दिवशी राहिलेली चार ठिकाणं कोंबतो, धावत स्टेशन गाठतो, एकमेकांवर ओरडतो. त्यापेक्षा शेवटची संध्याकाळ मोकळी ठेवा, बॅगा आदल्या दिवशीच भरा, आणि ट्रिपमधल्या कुठल्यातरी आवडलेल्या जागी परत एकदा जाऊन नुसते बसा.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते, घरी पोचल्यानंतरचा पहिला तास. कुलूप उघडल्यावर घराचा एक वास येतो, आलाय ना तुम्हालाही? तो वास रोजच असतो, पण सततच्या वासाची नाकाला सवय होते आणि तो जाणवेनासा होतो, काही दिवस लांब राहिलं की परत कळतो. सुखाचंही अगदी असंच असतं, म्हणून तो तास वाया घालवायचा नाही. बॅगा तशाच पडू देत, मशीन नंतर लावा, आधी वही काढा आणि "घरी आल्यावर" म्हणून एक पान लिहा, प्रत्येकाला काय बरं वाटलं ते. आमच्या पानांवर काय काय आहे बघा: अंधारात हात न चाचपडता बटणावर गेला. गरम पाणी कुठल्या बाजूला फिरवलं की येतं ते माहीत होतं. माझी उशी. शेजाऱ्यांनी झाडांना पाणी घातलं होतं. आईला गुडघे न दुखता पाय पसरता आले. यातलं काहीही नवीन नाही, सगळं जायच्या आधीही होतं.

हे पान रोजच्या आयुष्यात पुढे न्यायचं तर वही कपाटात टाकू नका, आठवड्यातून एकदा काढा. २००३ मध्ये रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककुलो या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल मनापासून आभार वाटतात अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या, आणि त्रासाच्या गोष्टी लिहिणाऱ्यांपेक्षा त्या लोकांना आपलं आयुष्य जास्त चांगलं वाटलं. मी आधी रोज लिहायचे, पंधरा दिवसांत ते हजेरी लावल्यासारखं झालं, तेच तेच शब्द, म्हणून माझा सल्ला आठवड्यातून एकदाच. आणि "कुटुंब, आरोग्य" असं मोघम नको. "बुधवारी मला ताप होता तेव्हा मोठीने न सांगता धाकट्याचा अभ्यास घेतला" असं लिहा, आणि त्या माणसाला तोंडावर सांगा. घरात आपण एकमेकांना थँक्यू म्हणायला लाजतो, लाजू नका.

सुचतच नसेल तर उलटं विचारा, हे नसतं तर? आपण या घरात आलोच नसतो तर, ती एक भेट झालीच नसती तर. याने माझ्या डोळ्यात पाणी येतं कधीकधी, पण हातात आहे ते लख्ख दिसतं.

एक सांभाळा. घरात कोणी दुःखात असेल, नोकरी गेली असेल, आजारपण असेल तर त्यांना वहीसमोर बसवून "बघ किती चांगलं आहे आपलं" म्हणू नका. त्या आठवड्यात फक्त जवळ बसा. वयात आलेली मुलं नको म्हणाली तर आग्रह करू नका, आमची मोठी वर्षभर लिहीत नव्हती, ऐकत मात्र होती, मग एक दिवस स्वतःच पेन घेतलं.

आणि लांब जाणं जमत नसेल, पैसे नाहीत, कोणी अंथरुणाला खिळलंय, तर एका दुपारची ट्रिप करा. कधीच न बसलेल्या बसमध्ये बसा, शेवटच्या स्टॉपपर्यंत जा आणि परत या. वही न्या, रात्रीची दहा मिनिटं तशीच, "घरी आल्यावर"चं पानही तसंच. जे घरी राहिले त्यांच्यासाठी प्रत्येकाने एक गोष्ट आणायची, वस्तू नाही, सांगायला गोष्ट. माझे सासरे आजारी होते ती दोन वर्षं आम्ही असंच फिरलो आणि ती पानं इतर कुठल्याही ट्रिपपेक्षा भरलेली आहेत.

अजून एक राहिलं, वहीच्या पहिल्या पानावर कोण कोण होतं ते वयासकट लिहा. मी सुरुवातीला दोन ट्रिपांना हे विसरले आणि आता कोण किती वर्षांचं होतं यावर वाद होतात. परवाच्या वहीत आईने स्वतःचं वय दोन वर्षं कमी सांगितलं, मी तिच्याकडे बघितलं, ती खिडकीबाहेर बघत होती. तसंच लिहिलंय.