सिरॅमिकमध्ये करिअर करताय? अर्ज, अनुदान आणि ऑर्डरींतल्या या चुका टाळा

गेल्या उन्हाळ्यात एकाच आठवड्यात दोन फोन आले. पहिला, जे. जे. मधून सिरॅमिक शिकून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलीचा. "ताई, पीएम विश्वकर्मात कुंभार आहे ना? मग मी अर्ज भरते." वडील सरकारी नोकरीत, लग्न व्हायचंय, आणि घरात मातीला हात लावणारी ही पहिलीच. दुसरा फोन गावाकडच्या एका कुंभारदादांचा. पुतण्यानं त्यांना कुठल्याशा परदेशी रेसिडेन्सीचा, म्हणजे कलाकारानं काही काळ तिथं राहून काम करायच्या जागेचा, फॉर्म छापून आणून दिला होता. दादांनी विचारलं, "हे आर्टिस्ट स्टेटमेंट म्हणजे उत्पन्नाचा दाखला का?"

आर्टिस्ट स्टेटमेंट म्हणजे कलाकारानं आपल्या कामाबद्दल लिहिलेलं टिपण. मी आधी हसले. नंतर लक्षात आलं की दोघंही एकमेकांच्या रांगेत उभे होते. आपल्याकडे सिरॅमिकसाठी पैसा नाही अशी तक्रार मी वीस वर्षं ऐकतेय, आणि ती अर्धीच खरी आहे. पैसा तीन वेगळ्या खिडक्यांवर मिळतो आणि आपण बहुतेक वेळा चौथ्याच खिडकीवर कागद सरकवत असतो.

तुम्ही कोण, हे न ठरवता अर्ज भरणं

सरकारदरबारी मातीकाम करणारा माणूस एक तर पारंपरिक कारागीर असतो, नाही तर कलाकार, नाही तर लघुउद्योजक. प्रत्यक्षात तुम्ही तिन्ही असाल, पण एका अर्जात एकच व्हायचं.

पीएम विश्वकर्मा ही पहिल्या खिडकीवरची योजना. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली, त्यातल्या 18 व्यवसायांत कुंभार आहे. ती घराण्यात चालत आलेल्या, हातानं आणि हत्यारांनी केल्या जाणाऱ्या कामासाठी आहे. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो आणि सरकारी नोकरीतल्या माणसाच्या कुटुंबाला तो मिळत नाही. म्हणजे आमची जे. जे.ची मुलगी दोन्हीकडून बाहेर. कुंभारदादांसाठी मात्र ती अगदी मापाची: प्रशिक्षणाच्या काळात रोज 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 रुपयांचं ई-व्हाउचर, आणि विनातारण कर्ज 5 टक्के व्याजानं, आधी 1 लाखापर्यंत, ते नीट फेडलं की पुढे 2 लाखांपर्यंत. नोंदणी गावच्या सीएससी (सामायिक सेवा) केंद्रात आधार आणि अंगठा देऊन होते. तिथून अर्ज ग्रामपंचायतीकडे पडताळणीला जातो आणि बहुतेक अर्ज तिथेच झोपतात. सरपंचांना जाऊन भेटा. फोनवर ते हलत नाहीत.

त्या मुलीची खिडकी दुसरी. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे. वय 18 ते 25, महिना 5,000 रुपये, दोन वर्षं. दृश्यकलेच्या यादीत चित्र-शिल्पाबरोबर पॉटरी आणि सिरॅमिकही आहे, हे आमच्याच लोकांना माहीत नसतं. तिथं प्रगत प्रशिक्षणासाठी पैसे मिळतात, म्हणून कोणाकडे शिकणार याचा कागद लागतो. पंचविशी ओलांडली की ज्युनियर फेलोशिप (40 वर्षांपर्यंत, महिना 10,000), चाळिशीनंतर सीनियर (महिना 20,000). दोन्ही दोन वर्षांच्या. मी स्वतः एका मैत्रिणीचा फेलोशिपचा अर्ज वाचला होता. चार पानांत तिनं भट्टी किती जुनी झालीय आणि नवीन का हवी हे लिहिलं होतं. फेलोशिप भट्टीला नसते, अभ्यासाला असते. कुठल्या मातीचा, कुठल्या गावच्या तंत्राचा, कशाचा शोध घेणार, ते लिहायचं. भट्टी मागायची तर तिसऱ्या खिडकीवर जायचं.

आधी भट्टी, मग कर्ज

तिसरी खिडकी उद्योगाची, आणि सगळ्यात महागडी चूक इथेच होते.

नवा स्टुडिओ टाकायचा असेल तर पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रम, हा मोठा आधार आहे. उत्पादन प्रकल्पाला 50 लाखांपर्यंत मर्यादा, अनुदान 15 पासून 35 टक्क्यांपर्यंत. समजा एक बाई खेड्यात 8 लाखांचा पॉटरी युनिट टाकतेय. महिला विशेष प्रवर्गात येतात, त्यामुळे स्वतःचे फक्त 5 टक्के, म्हणजे 40,000. बँक 7,60,000 देते. 35 टक्के अनुदान, म्हणजे 2,80,000. हिशोब इतका गोड आहे की लोक मंजुरीची वाटच बघत नाहीत. ओळखीतला कोणी भट्टी विकत असतो, ही घाई करते, उसनवारी करून भट्टी आणते, तीनचार फायरिंग (भाजण्या) करते, इन्स्टाग्रामवर टाकते आणि मग अर्ज भरते. योजना फक्त नव्या युनिटला आहे. तुमचा स्टुडिओ चालू आहे हे तुमचंच इन्स्टाग्राम सांगतंय.

दुसरा गैरसमज अनुदानाबद्दल. ते 2,80,000 तुमच्या हातात कधीच पडत नाहीत. बँकेत तीन वर्षं तुमच्या नावे ठेव म्हणून पडून राहतात, युनिट चालू दिसलं की मग कर्जातून वळते होतात. तेवढ्या रकमेवर बँक व्याज लावत नाही, हे चांगलं. पण या पैशांतून माती भरू, पगार देऊ असं कोणी ठरवलं असेल तर पहिल्या पावसाळ्यातच घर विकायची पाळी.

आणि भट्टीचं कोटेशन घेताना वीज विसरू नका. 10-12 किलोवॅटची इलेक्ट्रिक भट्टी घरच्या सिंगल फेजवर चालत नाही. थ्री फेज जोडणी, वाढीव भार, जाड केबल, वेगळा मीटर हे सगळं प्रकल्प अहवालात आलं पाहिजे. आमच्या एका ओळखीच्या जोडप्यानं भट्टी आणली आणि ती पाच महिने गोणपाटाखाली उभी होती, कारण सोसायटीनं केबल ओढू दिली नाही. भट्टीत मांजर व्यालं. त्यांच्याकडे आजही तिला लेबर रूम म्हणतात.

उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद, मोफत आहे. पूर्णपणे. सरकारी साइटवर आधार क्रमांक टाकून दहा मिनिटांत होते. सर्चमध्ये वर दिसणारी जी साइट तुमच्याकडून दोन-अडीच हजार मागते, ती सरकारी नाही.

"माती हा माझा श्वास आहे"

निवड समितीवर मी दोनतीनदा बसले आहे. पन्नास अर्जांपैकी तीसमध्ये माती श्वास असते, उरलेल्या वीसमध्ये पंचमहाभूतं. त्यातल्या एकाही वाक्यावरून समोरचा माणूस नक्की काय करतो हे कळत नाही. एका मुलानं लिहिलं होतं, "निसर्ग आणि मानव यांच्यातील नात्याचा शोध घेणारी माझी कलाकृती." मी त्याला बोलावून विचारलं, बाबा रे, तू करतोस काय? तो म्हणाला, "आमच्या शेतात विहीर खणली तेव्हा बारा फुटांवर निळसर माती लागली. ती 1100 अंशांच्या वर नेली की फुगते, फोड येतात. मी ते फोड मुद्दाम येऊ देतो आणि त्याचे रांजण करतो." मी म्हटलं, हेच लिही. शब्द न शब्द.

इंग्रजीची भीती हा या चुकीचा दुसरा भाग. बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स कोणत्याही भारतीय भाषेतला प्रस्ताव घेते, मराठीतलाही. तरी माझ्याकडे मशीनकडून भाषांतर केलेले प्रस्ताव येतात, ज्यात भाजणीचं फायरिंग न होता रोस्टिंग झालेलं असतं.

फोटोंचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर सगळीकडे लिहिलेलं आहे आणि तरी कोणी ऐकत नाही. वाडग्यात मोगरा ठेवू नका. मागं पैठणी पसरू नका. करडा कागद, खिडकीचा उजेड, एक फोटो समोरून, एक तळाचा. जाणकार माणूस आधी तळ बघतो: पाय कसा कोरलाय, ग्लेझ (काचेसारखा लेप) कुठं थांबवलंय. आणि मोजमाप सेंटिमीटरमध्ये लिहा. माझ्या एका विद्यार्थिनीचं सहा फुटांचं काम समितीतल्या एकानं पेनस्टँड समजून बाजूला ठेवलं होतं.

रेसिडेन्सी म्हणजे फुकटची सहल नव्हे

जपानमधलं शिगाराकी, नेदरलँड्समधलं ईकेडब्ल्यूसी, डेन्मार्कचं गुल्डागेरगार्ड, अमेरिकेतलं आर्ची ब्रे ही नावं विद्यार्थ्यांच्या तोंडी देवळांसारखी असतात. निवड झाली म्हणजे सगळा खर्च मिळाला असं मात्र नाही. शिगाराकीत पाहुणा कलाकार आणि स्टुडिओ कलाकार असे दोन प्रकार आहेत, पाहुण्याला ते बोलावतात, स्टुडिओवाला स्वतःचे पैसे भरतो. ईकेडब्ल्यूसीतही सहभागाचा खर्च आपण उभा करायचा असतो. त्यामुळे अंदाजपत्रक विमानाच्या तिकिटावर थांबवू नका. माती, फायरिंगचे दर (बऱ्याच ठिकाणी भट्टीच्या आकारमानावर लावतात), व्हिसा, विमा, आणि शेवटी केलेलं काम परत आणण्याचं भाडं. हे शेवटचं सगळे विसरतात आणि मग चाळीस किलोचं शिल्प तिथंच कुणालातरी भेट देऊन येतात.

परदेशी जायच्या आधी इथलं बघा, असं मी म्हणते तेव्हा मुलं नाक मुरडतात. पुदुच्चेरीचं गोल्डन ब्रिज पॉटरी 1971 पासून चालू आहे, आजच्या भारतातले कितीतरी नावाजलेले स्टुडिओ पॉटर तिथून शिकून गेलेत. मध्य प्रदेशात मैहरजवळ आर्ट इचोल आहे. दिल्लीत ललित कला अकादमीचे गढी स्टुडिओ आहेत. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीचा ग्रामोदय संघ आहे, आणि खानापूरला, बेळगावच्या शेजारी, खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्था. तिथं मराठीत बोललात तरी चालतं.

अर्ज कुठल्या जातीचा आहे तेही बघा. इंडियन सिरॅमिक्स ट्रायनाले हे सिरॅमिक कलेचं मोठं प्रदर्शन. पहिली 2018 ला जयपूरला झाली, दुसरी 2024 ला दिल्लीत. तिथं मोठ्या, जागेशी बोलणाऱ्या, प्रयोगशील कामाला मान असतो. तिथं मगांचे फोटो पाठवणं म्हणजे कीर्तनाला ढोलपथक नेणं. उलट काळा घोड्याच्या किंवा भीमथडीच्या स्टॉलसाठी संकल्पनात्मक इन्स्टॉलेशनचं स्टेटमेंट काय कामाचं? तिथं तीनशे ते आठशे रुपयांतल्या वस्तू किती आणि पॅकिंग कसलं, हा प्रश्न. लोएवे फाउंडेशनचं हस्तकलेचं पारितोषिक 50,000 युरोंचं आहे, 18 वर्षांवरचं कोणीही अर्ज करू शकतं, आणि आपल्याकडचे फार थोडे करतात. जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शनाची तारीख हवी असेल तर अर्ज आज टाका आणि काही वर्षं विसरून जा.

पुरस्काराच्या नावाखाली पैसे मागणारे वेगळे. व्हॉट्सअ‍ॅपवर "अभिनंदन, तुमची राष्ट्रीय पुरस्कारासाठी निवड झाली आहे, ट्रॉफी शुल्क 3,500" असा निरोप आला की डिलीट. अर्जच केला नव्हता तर निवड कशी झाली?

ऑर्डर घेताना

अनुदानावर दोन वर्षं निघतात. पुढची तीस वर्षं कामावरच काढायची असतात: रेस्टॉरंटची भांडी, वास्तुरचनाकारांची म्युरल्स, शाळा आणि शनिवार-रविवारच्या कार्यशाळा.

कार्यशाळांवरून आठवलं. जीएसटीसाठी उलाढालीची मर्यादा 40 लाख आहे असं सगळे ऐकून असतात. आपल्याकडे ती फक्त माल विकणाऱ्याला आहे. तुम्ही भांडी विकता आणि वर्गही घेता, म्हणजे सेवाही देता, मग सगळं मिळून मर्यादा 20 लाख. सीएला विचारताना "मी पॉटरी विकते" एवढंच सांगू नका.

माझी पहिली मोठी ऑर्डर एका रेस्टॉरंटची होती. दहा इंची 200 ताटल्या, निळ्या. मी दहा इंचीच केल्या. माझी स्टोनवेअर (जास्त तापमानाला भाजायची) माती भाजून 12 टक्के आकसते, हे मला पाठ होतं, पण घाईत चाकावर बसल्यावर हातानं आपलं दहाच धरलं. भट्टीतून पावणेनऊ इंची ताटल्या निघाल्या. दहा हवी तर ओली ताटली अकरा आणि वर एक तृतीयांश इंच लागते. पुन्हा केल्या, या वेळी 240, कारण काही वाकणार, काही तडकणार हे धरूनच चालायचं. त्यांनी आगाऊ रक्कम दिली नव्हती, मी मागितली नव्हती. आता निम्मे पैसे आल्याशिवाय मी माती मळत नाही, आणि कागदावर लिहून घेते: व्यास इतका, फरक अर्ध्या इंचापर्यंत चालेल, बसवताना किंवा वाहतुकीत फुटलं तर कोणाचं.

आठ महिन्यांनी त्यांचाच फोन. "तीस फुटल्या, तशाच तीस द्या." मधल्या काळात ग्लेझमधल्या फेल्डस्पार या खनिजाची नवी गोणी उघडली होती आणि निळा हिरवटाकडे गेला होता. जुन्या गोणीवरचा बॅच नंबर लिहिलेला नव्हता, ग्लेझ किती सेकंद बुडवलं तेही नाही. अकरा चाचण्या भाजल्या, बाराव्यात जवळपास जमला.

तेव्हापासून भट्टीच्या खोलीत खिळ्याला एक वही लटकते. गोणी कधी उघडली, कोन (भट्टीचा ताप दाखवणारा मातीचा सुळका) कुठला, किती तास, कुठल्या फळीवर काय. तिला सुतळीनं पेन्सिल बांधली आहे. ओल्या हातानं पेन उमटत नाही.