पिनांगमधील जॉर्ज टाउन : कुटुंबासह एका दिवसात काय पाहावे, काय खावे आणि कोणत्या क्रमाने

मलेशियातील पिनांग बेटावरच्या जॉर्ज टाउन या जुन्या शहरासाठी एकच दिवस हाताशी असेल, तर त्या दिवसाचा आराखडा स्थळांवरून न आखता खाण्याच्या वेळांवरून आखावा. २००८ साली मलाक्कासह जागतिक वारसा यादीत गेलेल्या या शहरातील देवळे, मशिदी आणि जुने वाडे एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत, त्यामुळे एखादे ठिकाण पुढेमागे झाले तरी फारसे बिघडत नाही. खाण्याचे मात्र तसे नाही. येथील अनेक विक्रेते एकच पदार्थ करतात आणि तोही ठरावीक वेळीच; कोणी सकाळीच विकून मोकळा होतो, तर कोणी दिवस कलल्यावरच चूल पेटवतो. त्यात विषुववृत्तालगतचा दमट उकाडा असा, की दुपारी बारा ते साडेतीन या वेळेत आजी-आजोबांना आणि लहान मुलांना रस्त्यावर फिरवणे म्हणजे उरलेल्या दिवसावर पाणी सोडण्यासारखेच आहे.

निघण्यापूर्वी, शक्यतो घरीच, कोण काय खाणार आणि काय अजिबात खाणार नाही हे ठरवून घ्यावे. आपल्याकडे ‘शाकाहारी’ म्हटले की दुकानदाराला सारे उमजते. येथे भाजीच्या पदार्थातही मासळीचा अंश असू शकतो. बेलाचान नावाची कोळंबीची आंबवलेली वडी मिरचीच्या ठेच्यात, परतलेल्या पालेभाजीत आणि रश्शात सर्रास पडते, चिनी गाड्यांवर तळण-परतण्यासाठी डुकराची चरबी वापरली जाते आणि फळांच्या रोजाक या कोशिंबिरीवरही कोळंबीचा काळा, गोडसर सॉस ओततात. म्हणून ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. ‘तक माऊ’ म्हणजे ‘नको’ हे शब्द पाठ करून त्यांच्यापुढे उडांग (कोळंबी), इकान (मासा), आयाम (कोंबडी), तेलूर (अंडे) किंवा बाबी (डुकराचे मांस) यांपैकी जे टाळायचे असेल ते जोडावे. दागिंग या शब्दाचा अर्थ मांस असा असला, तरी खाण्याच्या ठिकाणी तो बहुधा गोमांसासाठी वापरला जातो, हे ज्यांना गोमांस वर्ज्य आहे त्यांनी विशेष लक्षात ठेवावे. शहरात इंग्रजी सर्वत्र चालते. तरीही गर्दीच्या वेळी गाडीवर हे दोन शब्द लांबलचक खुलाशापेक्षा लवकर काम करतात. घरात कोणाला कोळंबीची किंवा शेंगदाण्याची अॅलर्जी असेल, तर मात्र रोजाक, लाक्सा (शेवयांचा रस्सा) आणि साते म्हणजे काडीवर भाजलेल्या मांसाबरोबरची चटणी यांबाबत चव पाहण्याचाही मोह टाळावा.

कडक शाकाहारी मंडळींसाठी खरा आधार आहे तो चिनी बौद्ध शाकाहारी दुकानांचा. त्यांच्या पाटीवर पुष्कळदा स्वस्तिकाचे चिन्ह असते, ते पाहून आपली माणसे आधी चकित होतात. या परंपरेत कांदा-लसूणही वर्ज्य असल्यामुळे जैन कुटुंबांनाही तेथे बरेच काही मिळते, परंतु अंडे आणि दूध यांविषयी वेगळे विचारून घ्यावे. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक चिनी कुटुंबे शाकाहार पाळतात, म्हणून पौर्णिमेच्या सुमारास गेल्यास ही दुकाने अधिक गजबजलेली दिसतील. सोयाबीन, मैद्यातील गव्हाचे सत्त्व आणि अळिंबी यांपासून केलेले ‘मटण’ किंवा ‘मासा’ तेथे हुबेहूब दिसतो. ताटात ते पाहून आजी उठून जाऊ नयेत यासाठी त्यांना आधीच कल्पना द्यावी.

मलेशियाचे घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे आहे. सकाळी आठला मुलांना भूक लागत नाही याचे कारण तेच. त्यांच्या पोटात तेव्हा साडेपाचच वाजलेले असतात. म्हणून न्याहारी हलकी ठेवावी. रोटी चनाई हा मैद्याचा ताणून, घडी घालून तव्यावर भाजलेला पदार्थ मुलांना पहिल्याच घासात आवडतो आणि तो हवेत फिरवून पातळ करणारा कारागीर समोरच दिसत असल्याने वाट पाहणेही सुसह्य होते. मात्र तिच्याबरोबर येणारी डाळ निरखून पाहावी, कारण कित्येक ठिकाणी ती हाडांसह शिजवतात किंवा वर माशाच्या रश्शाचा एक डाव सहज ओततात. ‘फक्त डाळ, वेगळ्या वाटीत’ असे सांगणे उत्तम. दुसरा पर्याय कोपितियामचा, म्हणजे जुन्या चिनी कॉफीगृहाचा. तेथे भाजलेल्या पावावर लोणी आणि काया लावून देतात. काया हे नारळाचे दूध, साखर आणि अंडी आटवून केलेले मिश्रण असते. कॉफी आणि चहा मूळचे फार गोड असतात. ‘कुरांग मानिस’ म्हटल्यास साखर कमी घालतात, ‘ओ’ म्हटल्यास दूध घालत नाहीत आणि ‘कोसोंग’ म्हटल्यास साखर मुळीच घालत नाहीत.

न्याहारीनंतर ऊन चढण्याआधी वेल्ड की या किनारी रस्त्यावरील धक्क्यांकडे जावे. एकेका आडनावाच्या चिनी कुळाने समुद्रात लाकडी खांब रोवून त्यांवर वसवलेल्या या वाड्यांपैकी च्यू घराण्याचा धक्का सर्वांत मोठा आहे. लोक तेथे आजही राहतात, तेव्हा उघड्या दारातून आत डोकावून छायाचित्रे घेऊ नयेत. फळ्यांमध्ये फटी असल्याने लहान मुलांचा हात धरूनच चालावे. तेथून आर्मेनियन रस्ता जवळ आहे. २०१२ साली लिथुआनियाचे चित्रकार अर्नेस्ट झाखारेविच यांनी काढलेले सायकलवरील भावंडांचे भित्तिचित्र तेथे आहे आणि त्यापुढे छायाचित्रासाठी बहुधा रांगही असते. रांग मोठी असेल तर खुशाल पुढे जावे, असे माझे मत आहे. तोच वेळ खू कोंग्सी या कुलभवनात सत्कारणी लागतो. १९०६ साली पूर्ण झालेल्या या वास्तूच्या छपराकडे नीट पाहावे. त्यावरील फुले, पक्षी आणि योद्धे रंगीत चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे कातरून, एकेक करून चिकटवलेले आहेत. ड्रॅगनच्या अंगावरचा प्रत्येक खवला हा वाडग्याच्या काठाचा तुकडा आहे, असे सांगितले की कंटाळलेली मुलेही माना वर करून शोधू लागतात.

दुपारच्या आत मशीद कपितान केलिंग रस्ता पाहून घ्यावा. जेमतेम एका किलोमीटरच्या परिसरात १८०१ साली दक्षिण भारतीय मुसलमानांनी स्थापन केलेली मशीद, चिनी करुणादेवीचे मंदिर आणि सेंट जॉर्जेस चर्च येते, तर शेजारच्या क्वीन रस्त्यावर १८३३ सालचे श्री महामारिअम्मन मंदिर आहे. हिंदू मंदिर दुपारी बंद होते आणि मशिदीत शुक्रवारी नमाजाच्या वेळी पाहुण्यांना प्रवेश मिळत नाही, म्हणून हा क्रम दुपारनंतरवर ढकलू नये. मशिदीत जाताना खांदे आणि पाय झाकलेले असावेत.

आता मुख्य जेवण. अनोळखी पदार्थाकडे जाण्याचा उत्तम मार्ग म्हणजे त्यातील ओळखीचा जिन्नस आधी शोधणे, आणि कोकणातल्या माणसाला ही युक्ती आसम लाक्सा या पदार्थाइतकी दुसरीकडे कुठेही उपयोगी पडणार नाही. नाव परके असले तरी त्यातील मासा बहुधा आपला बांगडा असतो. शिजवून, काटे काढून, कुस्करून तो रश्शात घातलेला असतो. आंबटपणा चिंचेचा आणि आसम गेलुगोर या फळाच्या सुकवलेल्या चकत्यांचा. हे फळ वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने कोकमाच्याच वंशातले आहे. बेलाचानसाठी वापरली जाणारी बारीक कोळंबीही जवळ्याच्याच कुळातली. वाडगा समोर येतो तेव्हा तपकिरी, दाट रश्शात तांदळाच्या जाड, पांढऱ्या शेवया बुडालेल्या असतात, वर काकडी, अननस, कांदा, पुदिना आणि आल्याच्या वर्गातील गुलाबी फुलाचे बारीक काप असतात, आणि एका चमच्यात हेको नावाचा कोळंबीचा काळा, चिकट अर्क दिलेला असतो. तो लगेच कालवू नये. आधी नुसता रस्सा चाखावा, मग चमच्याच्या टोकावर थोडा अर्क घेऊन ढवळावा आणि पुन्हा चाखावे. पूर्ण चमचा एकदम मिसळल्यास गोड आणि उग्र चवीखाली बांगडा हरवून जातो. चौघांत मिळून एकच वाडगा मागवावा, कारण पहिल्या घासाला नाके मुरडली गेली तर वाया काही जात नाही आणि आवडला तर दुसरा मागवता येतो. ज्यांना यातले काहीच चालत नाही त्यांच्यासाठी जवळच लिटल इंडिया आहे. केळीच्या पानावरचा भात, सांबार आणि भाज्या मिळाल्या की रुसवे निघतात. काही जण परदेशात येऊन भारतीय जेवण घेण्याला नावे ठेवतात. आजोबांनी औषधाच्या गोळ्या उपाशीपोटी घ्याव्यात, असे मात्र त्यांचेही म्हणणे नसावे.

जेवणानंतर थेट मुक्कामी जाऊन तीन तास विश्रांती घ्यावी. चारच्या सुमारास पिनांग रोडलगतच्या गल्लीत चेंदोल खावा. बर्फाच्या किसावर नारळाचे दूध, ताडगुळाचा पाक, शिजवलेला राजमा आणि पांदानच्या पानांनी हिरवी झालेली तांदळाची शेव असा हा गोड पदार्थ शाकाहारी आहे आणि घरातील सर्वांना एकमताने आवडेल असा या दिवसातील बहुधा तोच एक.

संध्याकाळचे जेवण हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे अनेक खाद्यगाड्या एकत्र असलेल्या जागी, किंवा गर्नी ड्राइव्ह, चुलिया रस्ता अशा ठिकाणच्या गाड्यांवर करावे. पद्धत सोपी आहे : आधी टेबल धरावे, घरातील एकाला तेथे बसवावे, टेबलाला क्रमांक असल्यास तो लक्षात ठेवावा आणि बाकीच्यांनी निरनिराळ्या गाड्यांवर जाऊन मागणी नोंदवावी. पदार्थ टेबलावर येतो आणि पैसे बहुधा तेव्हाच द्यायचे असतात, म्हणून एक, पाच आणि दहा रिंगिटच्या (मलेशियाच्या चलनाच्या) नोटा जवळ ठेवाव्यात. पेयांचा विक्रेता वेगळा असतो व टेबलापाशी येऊन विचारतो. त्याच्याकडून काहीतरी घेणे हा तेथील रिवाज आहे. हात पुसायचे कागद आपलेच न्यावेत.

चार क्वे तेओ येथेच खावे. तांदळाच्या रुंद पट्ट्या, कोळंबी, अंडे, मोड आलेले मूग आणि शिंपल्यातले मांस प्रखर आचेवर परतून केलेला हा पदार्थ जाणता आचारी एका वेळी एकच ताटली करतो आणि म्हणूनच वाट पाहावी लागते. शिंपल्या अर्धवट शिजलेल्या असतात, तेव्हा मुलांसाठी आणि वृद्धांसाठी ‘तक माऊ केरांग’ (शिंपल्या नकोत) असे सांगून त्या काढायला लावाव्यात. मुसलमान विक्रेत्याकडे चरबीचा प्रश्न येत नाही.

पिनांग टेकडीची रेल्वे आणि केक लोक सी मंदिर याच दिवसात बसवण्याचा प्रयत्न करू नये. दोन्ही शहराबाहेर, आयर इतामच्या बाजूला आहेत आणि त्यांना स्वतंत्र सकाळ द्यावी लागते. ड्यूरियनचा हंगाम असेल, साधारणपणे जून ते ऑगस्ट, तर ते फळ जेवणानंतर गाडीवरच उभे राहून संपवावे. उरलेले बांधून नेऊ नये, कारण बहुतेक हॉटेलांत ते आणण्यास मनाई असते आणि तशा पाट्या दारावरच लावलेल्या असतात.