घरी बनवलेल्या विद्युत हायड्रोफॉइलची मोटर अडखळते तेव्हा

विद्युत हायड्रोफॉइल, म्हणजे पाण्याखालील पंखाच्या आधारे पाण्यावर उचलली जाणारी मोटरवरची फळी. तिची मोटर अडखळू लागली की बहुतेकजण थेट कंट्रोलर, म्हणजे मोटरला वीज देऊन तिचा वेग ठरवणारे सर्किट, बदलतात. हा उपाय महागडा असून अनेकदा अनावश्यक ठरतो. प्रथम बॅटरी सोडवून ठेवावी आणि प्रोपेलर काढावा, कारण टेबलावर अचानक फिरलेले पाते हाताचे बोट कापू शकते.

ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेल्या) मोटरच्या तीनही फेज तारा, म्हणजे तिला वीज पुरवणाऱ्या तारा, कंट्रोलरपासून सुट्या करून शाफ्ट हाताने फिरवावा. तो सहज फिरला, तर दोन-दोन तारांची टोके आळीपाळीने एकमेकांना जोडून पुन्हा फिरवावा: तिन्ही जोड्यांत सारखाच अडथळा जाणवला पाहिजे. एखाद्या जोडीत तो जाणवलाच नाही, तर तार किंवा सोल्डर तुटलेले आहे. तारा सुट्या असतानाही शाफ्ट जड लागत असेल, तर वाइंडिंग (मोटरमधील तारेचे वेटोळे) आत शॉर्ट झाले आहे किंवा बेअरिंग गंजले आहे. वाइंडिंगचा रोध मिलिओहममध्ये असल्याने साध्या मल्टिमीटरच्या आकड्यावर येथे विसंबू नये. मात्र फेज आणि मोटरची बॉडी यांच्यात त्याच मीटरवर कंटिन्युइटी, म्हणजे वीज वाहू शकेल अशी जोडणी, मिळाली, तर इन्सुलेशन निकामी झाले आहे, आणि पाण्यात चालणाऱ्या मोटरीत त्याचे कारण बहुधा गळके सील असते.

मोटर टेबलावर व्यवस्थित चालून नागपूरच्या अंबाझरीसारख्या तलावात मध्येच बंद पडत असेल, तर रिमोटचे सिग्नल पकडणाऱ्या रिसीव्हरचा अँटेना पाण्याच्या वर आहे ना, हे पाहावे, कारण 2.4 गिगाहर्ट्झचे सिग्नल पाण्यात जवळजवळ लगेच विरतात. नागपूरच्या मे महिन्यात, पारा 45 अंशांवर असताना, लिथियम बॅटरी उन्हात चार्ज करू नये.