पोथीची पुष्पिका कशी वाचावी

हस्तलिखित पोथीच्या शेवटच्या पानावर ग्रंथ संपतो आणि खाली चार-पाच ओळी उरतात. फलश्रुतीचाच भाग समजून बहुतेक जण त्या सोडून देतात. पण ही पोथी कुणी लिहिली, कुठे, कधी आणि कुणासाठी, याची साक्ष बहुधा तिथेच असते. त्या मजकुराला पुष्पिका म्हणतात. शब्दाचा अर्थ लहानसे फूल, आणि अनेक पोथ्यांत या ओळींच्या दोन्ही अंगांना खरोखरच फुलांची नक्षी काढलेली दिसते.

अध्यायाअखेरच्या ओळीलाही पुष्पिकाच म्हणतात. गीता म्हणणाऱ्या घरांत 'अर्जुनविषादयोगो नाम प्रथमोऽध्यायः' ही ओळ मुलांनाही पाठ असते. ती अध्यायाची पुष्पिका. इथे आपण पाहणार आहोत ती प्रतीची, म्हणजे नक्कल करणाऱ्याने आपल्या कामाच्या शेवटी जोडलेली.

आधी पान हाताळण्याविषयी. हात कोरडे हवेत, बोटाला थुंकी लावू नये, फाटलेल्या कडेला चिकटपट्टी तर कधीच नको. पान सपाट ठेवून खिडकीच्या तिरप्या उजेडात, फ्लॅश न वापरता फोटो काढा आणि पुढचे वाचन फोटोवरून करा. शेवटचे पान गहाळ असेल तर अध्यायांच्या पुष्पिका तपासा. कधीकधी लेखनिकाने मध्येच एखाद्या ठिकाणी तारीख टाकलेली सापडते.

आता मजकूर जसा आहे तसा उतरवून घ्या. अशुद्ध वाटले तरी सुधारू नका. काही पोथ्यांत 'ख'च्या जागी 'ष' असतो, त्यामुळे 'लिषितं' म्हणजे 'लिखितं'. हे माहीत नसलेला माणूस शब्द दुरुस्त करायला जातो आणि लेखनिकाच्या सवयीची खूण पुसून टाकतो.

उतरवलेल्या मजकुरातून नावे वेगळी काढा. इथे फार मोठी चूक होते, माझीही झाली आहे. पुष्पिकेतला 'लेखक' म्हणजे ग्रंथकार नव्हे, तो सांगितलेले उतरवून घेणारा किंवा नक्कल करणारा. ज्ञानेश्वरीच्या शेवटची ओवी पाहा: 'शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें । सच्चिदानंदबाबा आदरें । लेखकु जाहला ॥' टीका ज्ञानेश्वरांची, लेखणी सच्चिदानंदबाबांची. 'हस्ताक्षर' या शब्दापाशी येणारे नावही नक्कलकाराचे. 'पठनार्थ' असेल तिथे ज्याच्यासाठी पोथी लिहिली त्याचे नाव असते, आणि 'स्वार्थं परार्थं च' म्हणजे स्वतःसाठी व इतरांसाठीही.

पुढे तारीख, आणि इथे थोडे रेंगाळायला हवे. आपल्याकडच्या पोथ्यांत बहुधा शके असतो. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची तिथी असेल तर ७९ मिळवा, कारण शक पाडव्याला बदलतो आणि इसवी सन जानेवारीत. नुसते 'संवत' लिहिले असेल तर तो विक्रम संवत असण्याचा संभव मोठा, तिथे साधारण ५७ वजा करावे लागतात. 'संवत्सर' ही मात्र निराळीच गोष्ट. ते साठ वर्षांच्या चक्रातले वर्षाचे नाव.

या नावाचा उपयोग ताळा करायला होतो. शकाच्या आकड्यात १२ मिळवा, ६० ने भागा, आणि उरलेली बाकी प्रभव या पहिल्या संवत्सरापासून मोजा. बाकी शून्य आली तर साठावा, क्षय. एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली त्याची नोंद अशी: 'श्रीशके पंधराशें साहोत्तरीं । तारणनाम संवत्सरीं । एकाजनार्दनें अत्यादरीं । गीता ज्ञानेश्वरी प्रति शुद्ध केली ॥' १५०६ अधिक १२ म्हणजे १५१८. साठाने भागल्यावर बाकी १८, आणि अठरावा संवत्सर तारणच. नोंद जुळली. पुढच्या ओव्यांत भाद्रपदातली कपिलाषष्ठी आणि गोदातीरचे पैठणही येते, म्हणून सन १५८४. शके १५९६ ची बाकी ४८ येते, म्हणजे आनंद, आणि शिवराज्याभिषेकाचे संवत्सरही आनंदच होते. पुष्पिकेतला शक आणि संवत्सर जुळत नसतील तर आकडा वाचण्यात चूक आहे, लेखनिकाची तरी किंवा आपली तरी. पुसट १ आणि ९ यांत असा घोटाळा मी पाहिला आहे.

कधी आकड्यांऐवजी शब्द असतात: शशी १, नेत्र २, अग्नी ३, वेद ४, बाण ५, रस ६, ऋषी ७, वसू ८, नंद ९, आणि ख किंवा आकाश म्हणजे शून्य. हे उजवीकडून डावीकडे मांडायचे. उदाहरणादाखल 'वसु-बाण-ऋषि-शशी' म्हणजे ८, ५, ७, १, अर्थात शके १७५८. ताळा केला तर बाकी ३०, संवत्सर दुर्मुख.

तिथीत शुद्ध म्हणजे शुक्ल पक्ष आणि वद्य किंवा बहुल म्हणजे कृष्ण. वारांत भौमवासर मंगळवार, भृगुवासर शुक्रवार, मंदवासर शनिवार. 'सौम्यवासर' मात्र सोमवार नाही, तो बुधवार. तिथी आणि वार जंत्रीत, म्हणजे जुन्या तिथी-तारखांच्या कोष्टकांत, जुळले तर तारखेवर निर्धास्त विसंबता येते.

त्यानंतर एक कळीचा प्रश्न विचारा: ही तारीख रचनेची, शुद्धीकरणाची की या प्रतीची? तुमच्या घरच्या ज्ञानेश्वरीत शके १२१२ आणि १५०६ दोन्ही असतील, कारण नक्कलकार समोरच्या प्रतीतले सगळेच उतरवतो. म्हणून पोथी १५८४ ची ठरत नाही. तिची स्वतःची तारीख सगळ्यात शेवटी असेल, किंवा नसेलही. नसेल तेव्हा कागद आणि अक्षरवळणावरून जाणकाराला विचारावे लागते. पुण्यातले भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आणि भारत इतिहास संशोधक मंडळ यांच्याकडे हस्तलिखितांचे मोठे संग्रह आहेत, आणि मराठी पोथ्या तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातही आहेत.

शेवटी बहुधा एखादा श्लोक भेटतो. 'यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया', म्हणजे जसे पाहिले तसे लिहिले, चूक असली तर दोष मला देऊ नका. दुसऱ्यात वाकलेली पाठ, कंबर आणि मान यांची तक्रार करून कष्टाने लिहिलेला ग्रंथ जपा अशी विनवणी असते. हे साचेबंद श्लोक आहेत, त्यांवरून लेखनिकाचा स्वभाव ठरवू नये. तरी दिवेलागणीला बोरू टेकवून बसलेला माणूस तिथे मला दिसतोच.

पुष्पिकेची नक्कल, काढलेली तारीख आणि तुमचे वाचन एका कोऱ्या कागदावर शिसपेन्सिलीने लिहा, आणि तो कागद पोथीच्या बासनात पानांच्या वर ठेवा. पोथीच्या पानावर मात्र काहीही लिहू नका.