सिबिल कमी असताना सेकंड हँड गाडी घेताय? या चुका टाळा

सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणारा स्कोअर, कमी म्हणून दोन-तीन बँकांनी गाडीच्या कर्जाला नाही म्हटलं की माणूस कंटाळतो. मग गाड्यांच्या बाजारातला कोणी एजंट म्हणतो, "सिबिलचं टेन्शन घेऊ नका, मी करून देतो." तिथून पुढे तो माणूस प्रश्न विचारायचंच सोडून देतो. कर्ज मिळतंय याचंच एवढं अप्रूप असतं की व्याज किती, गाडीची किंमत योग्य आहे का, कागद कोणाच्या नावावर आहेत, हे विचारायलाही त्याला संकोच वाटतो. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते या व्यवहारात शब्दशः खरं होतं. स्कोअर ७८० असलेला गिऱ्हाईक दर पटला नाही तर उठून जातो. ५९० वाला उठत नाही, हे समोरच्याला पक्कं ठाऊक असतं.

म्हणून क्रम बदला. आधी स्वतःचा रिपोर्ट, मग कर्जाची बोलणी, आणि गाडी सगळ्यात शेवटी. बहुतेक जण आधी गाडीच्या प्रेमात पडतात आणि मग पैशाच्या मागे धावतात.

रिपोर्ट न बघता बाजारात जाणं

सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आपल्या कर्जांची नोंद ठेवतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. तो त्यांच्या वेबसाइटवरून स्वतः काढा. स्कोअरचा आकडा बघून रिपोर्ट बंद करू नका, खाली प्रत्येक कर्जाच्या नोंदी वाचा. मागच्या ३६ महिन्यांचे चौकोन असतात. ज्यात ००० आहे तो हप्ता वेळेवर गेला, ०३० किंवा ०६० दिसलं तर तेवढे दिवस उशीर.

इथे नेहमी दोन गोष्टी सापडतात. पहिली म्हणजे जामीनकी. चुलतभावाच्या ट्रॅक्टरला, मित्राच्या दुकानाला आपण जामीन राहिलेलो असतो आणि विसरूनही गेलेलो असतो. त्याने हप्ते थकवले की ते कर्ज तुमच्या रिपोर्टमध्येही थकलेलं दिसतं. दुसरी म्हणजे 'सेटल्ड' हा शेरा. क्रेडिट कार्डाच्या वसुलीवाल्याने "६० हजारांचे २५ भरा, विषय संपला" म्हटलेलं असतं. तुमच्या बाजूने विषय संपला, पण रिपोर्टमध्ये तो 'सेटल्ड' म्हणून राहतो आणि पुढचा सावकार त्याचा अर्थ 'याने पैसे बुडवले' असाच घेतो. शक्य असेल तर उरलेली रक्कम भरून त्या बँकेकडून नो ड्यूज, म्हणजे बाकी नसल्याचा दाखला, घ्या आणि नोंद 'क्लोज्ड' करून मागा.

नोंदच चुकीची असेल, म्हणजे फेडलेलं कर्ज चालू दिसत असेल किंवा नावसाधर्म्यामुळे दुसऱ्याचं कर्ज तुमच्या नावावर पडलं असेल, तर ऑनलाइन तक्रार टाका. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम २०२४ पासून लागू आहे. २०२५ पासून कर्ज देणाऱ्यांना ही माहिती किमान दर पंधरवड्याला पाठवावी लागते, त्यामुळे दुरुस्ती पूर्वीपेक्षा लवकर दिसते. "पाच हजार द्या, सिबिल क्लीन करून देतो" म्हणणाऱ्याला मात्र एक रुपयाही देऊ नका. खरी नोंद कोणालाही पुसता येत नाही, आणि चुकीची नोंद तुम्ही स्वतः फुकटात दुरुस्त करू शकता.

एजंटाला फाईल देऊन मोकळं होणं

आधार, पॅन, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, दोन कोरे चेक हे सगळं एका पाकिटात घालून एजंटाच्या हातात दिलं की तो फाईल एकाच दिवशी पाच-सहा ठिकाणी लॉगिन करतो, म्हणजे तुमच्या नावाने कर्जाचा अर्ज टाकतो. प्रत्येक ठिकाणी तुमचा रिपोर्ट उघडला जातो आणि प्रत्येक चौकशीची नोंद राहते. आठवड्यात सहा चौकश्या आणि एकही कर्ज नाही, असं चित्र दिसलं की सातवा सावकार आणखी बिचकतो. आधीच नाजूक असलेला स्कोअर असा आणखी घसरतो.

एजंटाला स्पष्ट सांगा की मला विचारल्याशिवाय कुठेही लॉगिन करायचं नाही, आणि तेच व्हॉट्सअॅपवर लिहून ठेवा. रिपोर्ट कोणी उघडला तर एसएमएस किंवा ईमेल येतो, तो बघत चला. झेरॉक्सवर सही करताना शेजारी तारीख आणि 'फक्त अमुक कंपनीच्या वाहन कर्जासाठी' एवढं लिहा. कोरा चेक देऊच नका.

एजंटाकडे जाण्याआधी जिथे तुमचा पगार जमा होतो ती बँक आणि ऑफिसची पगारदार पतसंस्था ही दोन दारं ठोठावून बघा. पतसंस्थेचा हप्ता पगारातूनच कापला जातो, म्हणून ती सिबिलवर फारशी अडून बसत नाही. अनेक पतसंस्था सिबिलला माहिती कळवत नाहीत, त्यामुळे तिथे वेळेवर फेडूनही स्कोअर सुधारेलच असं नाही, एवढं मात्र ध्यानात असू द्या. घरात सोनं असेल तर सोनेतारणावर पैसे उचलून साधी, लहान गाडी रोखीने घेणं कित्येकदा स्वस्त पडतं. गाडीच्या नोंदणीवर कर्ज देणाऱ्याचा हक्क, म्हणजे बोजा, चढत नाही, ही त्यातली मोठी सोय.

"हप्ता किती बसेल?" एवढंच विचारणं

सगळ्यात जास्त पैसा इथे जातो, म्हणून हिशेब नीट मांडतो.

समजा ४ लाखांचं कर्ज, ३ वर्षं, आणि एजंट म्हणतो "फक्त १० टक्के". हे १० टक्के बहुतेक वेळा फ्लॅट असतात. म्हणजे दर वर्षी पूर्ण ४ लाखांवर ४० हजार व्याज, तीन वर्षांचं १ लाख २० हजार. हप्ता बसतो १४,४४४ रुपये. पण मुद्दल तर तुम्ही दर महिन्याला फेडत असता, शेवटच्या वर्षी ४ लाख तुमच्याकडे नसतातच. घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर वर्षाला १८ टक्क्यांच्या जवळ जातो. त्यात प्रोसेसिंग फी, कागदपत्रांचा खर्च, 'लोन सुरक्षा' विमा हे सगळं कर्जाच्या रकमेतूनच कापून घेतलं की हातात येतात ३ लाख ८० हजार, आणि व्याज चालू राहतं पूर्ण ४ लाखांवर.

यावर हक्काचं हत्यार आहे ते की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे केएफएस. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जासाठी बँकेने किंवा एनबीएफसीने, म्हणजे बँक नसलेल्या फायनान्स कंपनीने, ते देणं बंधनकारक आहे. त्यात एपीआर, म्हणजे सगळे खर्च धरून पडणारा वार्षिक दर, लिहिलेला असतो. दोन कर्जांची तुलना फक्त याच आकड्यावर करा. केएफएस तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळायला हवं, तेव्हा मराठीत मागा, अजिबात लाजू नका. आणि ते दिल्यावर किमान तीन कामकाजाचे दिवस त्यातल्या अटी कायम राहतात. त्यामुळे "हा रेट आज संध्याकाळपर्यंतच आहे" असं कोणी म्हणालं तर शांतपणे म्हणा, केएफएस द्या, घरी वाचून परवा सांगतो.

हप्ता परवडत नाही म्हटलं की मुदत पाच वर्षांवर नेतात. ४ लाखांवर घटत्या शिलकीने १६ टक्के धरले तर तीन वर्षांचा हप्ता साधारण १४,०६० आणि एकूण व्याज १ लाख ६ हजार. पाच वर्षांना हप्ता ९,७३० वर येतो, पण व्याज १ लाख ८३ हजार होतं. आठ वर्षं जुन्या गाडीसाठी हे ७७ हजार जास्तीचे आहेत. त्यापेक्षा लाखभराने स्वस्त गाडी बघावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

सही करण्याआधी हप्त्याची तारीखही ठरवून घ्या. पगार १० तारखेला आणि हप्ता ५ ला, अशी गाठ पडली की दर महिन्याला बाऊन्स ठरलेला. त्यात बँकेचा दंड वेगळा, फायनान्सवाल्याचा वेगळा, आणि सुधारायला निघालेला स्कोअर परत खाली. मुदतीआधी कर्ज फेडलं तर किती टक्के कापतील, हेही आत्ताच विचारा. जुन्या गाडीचं कर्ज सहसा ठरावीक दराचं असतं आणि त्यावर हा आकार लागतो.

मंजुरीआधी टोकन देणं

आमच्या ओळखीच्या एका इलेक्ट्रिशियनला २०१६ ची वॅगनआर आवडली. भाव ३ लाख ८० हजार. "दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय" म्हणून त्याने २५ हजार टोकन दिलं. नंतर फायनान्स कंपनीचा माणूस येऊन गाडीचं मूल्यांकन करून गेला, ३ लाख २० हजार. कमी स्कोअर म्हणून त्याच्या ७५ टक्केच मंजूर झाले, म्हणजे २ लाख ४० हजार. उरलेले १ लाख ४० हजार खिशातून घालायचे होते, आणि ते नव्हते. टोकन मागायला गेला तर डीलर म्हणाला, टोकन परत मिळत नाही. मी ती पावती हातात घेऊन पाहिली. वहीतून फाडलेला कागद, वर 'टोकन २५०००' आणि खाली एक गिरगटलेली सही. गाडीचा नंबर नाही, ठरलेला भाव नाही, तारीखसुद्धा नाही. शेवटी २५ हजार बुडू नयेत म्हणून त्याने मोबाइल अॅपवरून महागडं कर्ज काढलं आणि दोन-दोन हप्ते अंगावर घेतले.

कर्ज मिळतं ते सावकाराने केलेल्या मूल्यांकनावर, डीलरने सांगितलेल्या भावावर नाही. म्हणून आधी लेखी मंजुरी घ्या. टोकन द्यावंच लागलं तर रक्कम लहान ठेवा, यूपीआयने द्या, आणि पावतीवर गाडीचा नंबर, ठरलेला भाव आणि हे एक वाक्य लिहून घ्या: 'कर्ज मंजूर न झाल्यास किंवा गाडीच्या कागदांत दोष आढळल्यास पूर्ण रक्कम सात दिवसांत परत.' डीलर हे लिहून द्यायला तयार नसेल तर दुसरी गाडी बघा. "व्हॅल्युएशन वाढवून घेऊ" या सूचनेलाही बळी पडू नका, कारण वाढीव आकड्याचं व्याज तुम्हालाच भरायचं असतं. पूर्ण किमतीवर १८ टक्के जीएसटी लावणारेही भेटतात. जुन्या गाडीवर डीलरला जीएसटी लागतो तो त्याच्या नफ्याच्या फरकावर, आणि घरगुती मालकाकडून थेट घेतली तर लागतच नाही.

गाडी आणि तिचे कागद

गाडी तपासायला आपला फिटर न्या, डीलरने सुचवलेला नको. एक गोष्ट मात्र स्वतः करा. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा आणि शेवटचा वीतभर पट्टा उजेडात बघा. तिथे मातकट रेघ दिसली, सीटखालच्या पट्ट्यांवर गंज असला, गालिचा उचलल्यावर कुबट वास आला, तर गाडी पाण्यात बुडालेली आहे. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते आपण पाहिलंय. अशा गाड्या बाहेरून चकाचक करून दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या जातात. स्वस्त मिळतेय म्हणून दिल्ली पासिंगची घेत असाल तर तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) आणि इथला रोड टॅक्स धरून हिशेब करा.

एमपरिवहन अॅपवर नंबर टाकून आरसीवर कोणाचा बोजा आहे, विमा कधीपर्यंत आहे, ते बघा. आधीच्या बँकेचं एचपी, म्हणजे तिचा बोजा, असेल तर तिची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. थकलेली ई-चलनं विकणाऱ्याकडून भरून घ्या, नाहीतर नावावर करताना काम अडतं. गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर मूळ मालकाची सही तुमच्यासमोर व्हावी. डीलरकडच्या आधीच सह्या केलेल्या कोऱ्या फॉर्मच्या गठ्ठ्यातून काढलेला कागद नको. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या, नाहीतर उद्या गाडी ठोकली तर स्वतःच्या नुकसानीचा क्लेम अडतो.

अडकलातच तर

हप्ते सुरू झाले आणि गाडी अजून नावावर नाही, अशी तक्रार फार येते. डीलरला फोन करत बसू नका. कर्ज देणाऱ्या कंपनीला लेखी कळवा, कारण आरसीवर आपला बोजा चढवून घेण्यात तिचाही स्वार्थ असतो. नुसत्या तुमच्या फोनला दाद न देणारा डीलर कंपनीचा फोन गेला की हलतो, कारण त्याचा पुढचा धंदा तिच्यावर चालतो. तरी हलला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

हप्ता चुकणार हे आधीच दिसत असेल तर तारखेपूर्वी कंपनीला ईमेल करा आणि मुदत वाढवून मागा. वसुलीवाले सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत, शिवीगाळ किंवा नातेवाइकांना धमकावणं तर नाहीच. रस्त्यात गाडी अडवून कोणी किल्ली मागितली तर त्याचं ओळखपत्र, कंपनीचं अधिकारपत्र आणि तुम्हाला दिलेली नोटीस मागा. यातलं काही नसेल तर ११२ लावा.

कर्ज देणाऱ्या कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८. बँका, बहुतेक मोठ्या एनबीएफसी आणि सिबिलसारख्या कंपन्याही त्यात येतात. तक्रारीसोबत केएफएस, टोकनची पावती आणि व्हॉट्सअॅपवरची बोलणी जोडा.

शेवटचा हप्ता गेल्यावर एनओसी मागून घ्या आणि तिची मुदत संपण्याआधी आरटीओत बोजा उतरवा. महिन्याभराने रिपोर्ट पुन्हा काढा आणि या कर्जापुढे 'क्लोज्ड' लिहिलंय का ते बघा.